चतुर्थीआधीचे गुडघे

गुडघ्यात साठलेलं पाणी मी सुईनं काढतो. किस्से साठले की मात्र सांगूनच काढावे लागतात!

कुडाळात मी हाडांचा डॉक्टर. वर्षभर माझ्याकडे हाडं मोडलेली माणसं येतात, आणि चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस फक्त गुडघे येतात. मुंबईचे चाकरमानी गावी येणार, घर भरणार, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दिवसभर उभं राहावं लागणार. सुमनकाकींच्या गुडघ्यावर तर पंधरा माणसांचं जेवण अवलंबून होतं. तो किस्सा शेवटी सांगतो.

इंजेक्शन देण्याआधी मी प्रत्येकाला तेच भाषण देतो. "दुखणं कमी होईल, गुडघा नवा होणार नाही. गुण यायला दोन-चार दिवस लागतील. काही आठवडे टिकेल, नशीब असेल तर काही महिने. दोन दिवस जपा."

पेशंट मान डोलावतो आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसतो. तिथे बसलेले जुने गुडघेवाले त्याला खरं काय ते सांगतात, "एक सुई मारली काय लग्नातलो गुडघो परत!"

लोक बाकाचं ऐकतात. मी नुसता शिकलेला.

*

आमचे तात्या बागायतदार. सुईतच थोडं भुलीचं औषध असतं, त्यामुळे पहिले काही तास गुडघा एकदम गप्प होतो. हेही मी सांगितलं होतं. तात्यांनी त्यातलं "एकदम गप्प" एवढंच ऐकलं.

घरी गेले, जेवले, आणि माटवीला टाळे, म्हणजे आंब्याच्या डहाळ्या, हव्यात म्हणून थेट झाडावर चढले. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती फळापानांची माटवी दुसऱ्या कुणी सजवलेली त्यांना चालत नाही.

संध्याकाळी फोन. "डॉक्टरानू, गुण संपलो!"

"कुठे आहात?"

"आंब्यार."

"अहो, मग हळूहळू उतरा!"

"उतराक जमता तर तुमका फोन कित्याक करू? एक इंजेक्शन घेवन हयसर या. शिडी आमच्याकडे आसा!"

*

मसुऱ्याच्या शेवंताबाईंचे दोन्ही गुडघे झिजलेले. दोन्हींत एकदम नको, एकातच घेईन, असं त्यांनी ठरवलं. मी एक्स-रे बघून म्हटलं, "डाव्यात घ्या."

"देवाक इचारून येतंय," म्हणाल्या आणि कौल लावायला गेल्या. देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, आणि कुठली आधी गळते ते बघायचं.

चार दिवसांनी आल्या. "देवान उजवो सांगल्यान."

माझं डोकं तापलं. एक्स-रे दिव्यावर लावून मी त्यांना पुन्हा सगळं समजावलं, डाव्यात जागाच उरलेली नाही, हाडावर हाड घासतंय, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मगे देव काय येगळा सांगता? तो माझ्याकडे तोंड करून बसलोलो. तेचो उजवो तो माझो डावो!" आणि उठता उठता म्हणाल्या, "देवाक न बघताच कळला, मगे फोटो कित्याक काढलास?"

*

एक निवृत्त हेडमास्तर, मधुमेही. त्यांना मी बजावलं होतं की या औषधानं काही दिवस साखर वाढेल, गोडावर लक्ष ठेवा. त्यांनी ठेवलं! चतुर्थीनंतर तपासली तर साखर आभाळाला टेकलेली.

"गुरुजी, मोदक किती खाल्लेत?"

घरी मालवणी बोलणारे गुरुजी दवाखान्यात शुद्ध मराठीवर येतात. म्हणाले, "साखर इंजेक्शननं वाढणार हे आपणच सांगितलंत. दोष त्यालाच लागणार असेल, तर मोदकांनी काय पाप केलंय?"

*

पिंगुळीच्या भजनीबुवांना मात्र इंजेक्शन झकास लागू पडलं, आणि तेच माझ्या अंगाशी आलं.

त्याआधी बुवांना मांडी घालता यायची, मोडता यायची नाही. उठवायला कुणी येईपर्यंत ते पुढचा अभंग धरायचे. कुणीच आलं नाही तर आणखी एक. घरोघरी लोक गहिवरायचे.

चतुर्थी झाल्यावर एक यजमान तावातावानं दवाखान्यात आले. "बुवांका काय टोचलात? आधी आमच्याकडे दोन-दोन तास बसत. औंदा आरती झाली की उठान चालूक लागले! भक्तीच रवली नाय."

*

आता सुमनकाकी. पासष्टी उलटलेली, गावच्या घरात एकट्या. चतुर्थीला मुंबईहून तिन्ही मुलगे बायकापोरांसह येतात, आणि घावणे, उसळ, मोदक सगळं आईच्याच हातचं लागतं. पाच दिवस.

थोरला मुलगा आधी येऊन त्यांना घेऊन आला. मी काकींना विचारलं, "कुठे दुखतं?" मुलगा म्हणाला, "आतल्या बाजूला." मी काकींना विचारलं, "जिना चढवतो?" मुलगा म्हणाला, "चढते की! डॉक्टर, पाच दिवस उभी राहिली पाहिजे बघा. पंधरा माणसं आहेत घरात."

"सुना?"

"त्यांना आईसारखं जमत नाही हो."

मला राग आला, पण मी दोन प्रकारची इंजेक्शनं समजावली. एक लवकर गुण देतं, पण फार टिकत नाही. दुसरं जेलचं. ते सावकाश लागू पडतं, महिनाभरही जातो, आणि सगळ्यांना लागू पडतंच असंही नाही.

"लवकरवालं द्या!" मुलगा म्हणाला. तेवढ्यात त्याला मखरवाल्याचा फोन आला आणि तो बाहेर गेला.

मी सुई काढायला वळलो. काकींनी माझी बाही धरली. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच त्या बोलल्या.

"डॉक्टरानू, माका ता दुसरा द्या. सावकाश लागू पडणारा."

"अहो काकी," मी मोठ्यानं म्हटलं, "मग चतुर्थीत तुम्हाला उभंच राहता येणार नाही!"

काकींनी घाईघाईनं दाराबाहेर फोनवर बोलणाऱ्या मुलाकडे बघितलं.

"हळू बोला ओ. झील ऐकतलो!"