दोन बेटं आणि कुंभारी

आमचे मामंजी सोलापुरात गिरणीत कारकून होते. संध्याकाळी ओट्यावर बसून ते शेजाऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. त्या वर्षी त्यांना विमानांचं वेड लागलं होतं. कुठल्याशा समुद्रात दोन बारकी बेटं होती, दोन्हींवर विमान उतरायची सोय झाली होती, आणि एकावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागेल याची आमच्या ओट्याला फार काळजी पडली होती. आमच्यापैकी कुणी समुद्रही पाहिलेला नव्हता.

मला मात्र कुंभारीला जायचं होतं. ते माझं माहेर; सकाळी निघालं तर उन्हं तापायच्या आत पोचावं इतकं जवळ. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तिनं भाजीवाल्या मावशीबरोबर निरोप धाडला होता, "अजून दिसतंय तवर तोंड दाखवून जा." पण मुराळी न्यायला आल्याशिवाय सुनेनं माहेरी जायचं नाही, ही रीत. मला भाऊ नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, म्हणून वडील येत नव्हते. चुलतभाऊ टेंभुर्णीला गाडी हाकायचा. तो "येतो" म्हणाला होता, दिवाळीपासून. सासूबाई वाईट नव्हत्या. "मुराळी येऊ दे, लगेच धाडते," असं त्या रोज मायेनं सांगत आणि रोज मायेनं जात्यावर बसवत.

एके संध्याकाळी मामंजींनी ओट्याच्या भिंतीला जगाचा नकाशा लावला, सासूबाईंचा गोधडीचा दोरा घेतला आणि टोक धरायला मला हाक मारली. मी पदर सावरून एका बेटावर अंगठा दाबून उभी राहिले. अख्खं बेट अंगठ्याखाली गेलं. मामंजींनी दोरा ताणला, ओठांतल्या ओठांत हिशेब केला.

"पाऊण तास! होडीला सबंध दिवस."

"म्हणजे इकडं जेवून उठावं, तर हात वाळायच्या आत पलीकडं!" शेजारचे पेन्शनर म्हणाले.

मी ओट्यावर कधी बोलले नव्हते. त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडून निघालं, "मामंजी, आणि कुंभारी?"

मामंजींना प्रश्न आवडला. चष्मा पुसून त्यांनी सोलापूर कुठं यावं ते हुडकलं आणि दोऱ्याचं टोक तिथं ठेवलं.

"अहो, तुमच्या दोऱ्याची गाठच दोन्ही गावांवर बसतेय," पेन्शनर हसले. "सूनबाई माहेरीच आहे की!"

"मग जायचं कशाला?" मामंजीही हसले.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. सकाळी भाजीवाली मावशी दारात पाटी उतरवत होती, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "तू कुंभारीचीच ना गं?"

"व्हय की, बाई."

"मग आज तूच मुराळी. हिला घेऊन जा."

"आवं, बाईमाणूस कुटं मुराळी असतंय?"

"माणसं आभाळातून जायला लागलीत म्हणे. तू रस्त्यानं जा."

त्यांनी मावशीला मुराळ्याच्या मानानं पाटावर बसवून जेवू घातलं आणि तिची पाटीभर मेथी घेऊन टाकली. घरात मग किती दिवस मेथीच होती.

कुंभारीत आई दारातच बसली होती. तिनं माझी हनुवटी धरून मला उजेडाकडं वळवलं. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली.

"दमलीस का गं? लई लांबनं आलीस."

"लांब कुटलं?" मावशी म्हणाली. "हितं तर हाय सोलापूर."

आईनं हनुवटी सोडली नाही.