बिनआवाजाची शेळी

आमच्या भावजींना आवाज सहन होत नाही. माणसांचा होतो, ताईशी त्यांचा बेचाळीस वर्षं संसार झाला आहे, तेव्हा त्याबद्दल शंका नको. सहन होत नाही तो यंत्राचा. भावजी शिलाई मशीन दुरुस्त करतात. घराच्याच रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं दुकान आहे. दहा फूट बाय आठ फूट. त्यात एका वेळी चौदा मशीनं, एक स्टूल आणि भावजी एवढंच मावतं, त्यामुळे गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं. मशीन घेऊन आलेली बाई सांगायला लागते, "अहो, सारखा धागा..." की भावजी तिला हातानेच थांबवतात, कान मशीनजवळ नेतात आणि चाक एकदा फिरवतात. आत कुठेतरी खट होतं. ते त्या बाईला ऐकू येत नाही, मला येत नाही. भावजींचा चेहरा मात्र कुणी तोंडावर शिवी दिल्यासारखा होतो. दोन दिवसांनी बाई मशीन न्यायला येते, पायडल मारून बघते आणि विचारते, "चालू आहे ना हो?" एवढं ऐकलं की भावजी त्या दिवशी दुपारचं जेवण दोन घास जास्त जेवतात.

समोरचा टेलर म्हणतो, "तुम्ही मशीन दुरुस्त करून दिलं की मला कळतच नाही, मी काम करतोय की नुसता बसलोय."

भावजींनी यावर आजवर एकदाच उत्तर दिलं आहे. "आम्हाला कळतं."

अशा माणसाने अडुसष्टाव्या वर्षी दोरीने ओढायची शेळी करायला घेतली, याला कारण बाईसाहेब.

बाईसाहेब म्हणजे माझ्या भाचीची मुलगी, भावजींची एकुलती एक नात. भाची लांबच्या शहरात असते आणि वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस माहेरी येते. बाईसाहेब आठ महिन्यांच्या असताना पहिल्यांदा आल्या, तेव्हा भावजी दुकानातून तसेच उठून आत गेले. तसेच म्हणजे कपाळाला दिवा बांधलेला. मशीनच्या पोटात बघायला तो लागतो, आणि सवयीने तो आपल्या कपाळावर आहे हे ते विसरतात. ते पाळण्यावर वाकले. बाईसाहेबांनी जो सूर लावला, तो ऐकून टेलर हातातली कात्री टाकून रस्ता ओलांडून आला.

तेव्हापासून आजोबा दिसले की बाईसाहेब आईच्या पाठीमागे. चार भेटी अशा गेल्या. भावजींनी दिवा खुंटीला टांगला, मिशी निम्मी केली, ताईच्या आग्रहावरून एकदा हसूनही पाहिलं. हसण्याने प्रकरण जास्त चिघळलं.

चौथ्या वेळी भाची परत गेली त्या दिवशी भावजी मला म्हणाले, "पोरगी माझ्याजवळ येत नाही. हे काही बरोबर नाही."

"येईल हो. मोठी झाली की आपोआप येईल."

"आपोआप काही येत नसतं," भावजी म्हणाले. "काहीतरी बसवावं लागतं."

दुसऱ्या दिवशी दुकानात लाकडाचा भुसा दिसला. खेळणं करतोय, म्हणाले. मी विचारलं, शेळीच का?

"झिगझॅग मशीनचा एक कॅम पडून होता."

कॅम म्हणजे एक वेडीवाकडी चकती. ती फिरते आणि तिला टेकलेलं जे काही असेल ते तिच्या तालावर हलतं. झिगझॅग मशीनची सुई या चकतीमुळे डावी-उजवीकडे जाते. शेळीही जबडा डावी-उजवीकडे फिरवून चावते. भावजींच्या दृष्टीने विषय संपला होता. "वाघ केला असता," ते म्हणाले, "पण वाघ वर-खाली चावतो. त्याला साधं मशीन पुरतं."

पहिली शेळी चाकाच्या एका फेऱ्यात अकरा वेळा चावत होती. ताई बघून म्हणाली, "अहो, किती दिवसांची उपाशी आहे ती?" तेव्हा भावजी खरी शेळी बघायला गेले. गल्लीच्या टोकाला एकांची शेळी बांधलेली असते. तिच्यासमोर भावजी सलग दोन सकाळी दगडावर बसले, हातात घड्याळ, मांडीवर वही. मिनिटाला सरासरी बासष्ट. तिसऱ्या सकाळी मालकाने शेळी घरात घेतली.

सहा महिने हे चाललं. जबडा झाला, मग चालताना कान हलले पाहिजेत असं ठरलं, मग शेपटी. जुन्या पट्ट्याच्या चामड्याचे कान, रिळांच्या उरलेल्या धाग्यांची दाढी. चाकांना बॉबिन भरायच्या चकतीची रबरी कडी. सांधा न् सांधा तेल देऊन, जिथे लाकूड लाकडाला लागेल तिथे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती घालून. शेळी टेबलावर शिकंज्यात धरलेली असायची, तोंड भावजींकडे. ते बोटाने चाक फिरवायचे आणि शेळी त्यांच्या डोळ्यांत बघत रवंथ करायची. त्यांनी मला कान लावायला सांगितलं. मी लावला. काहीही ऐकू आलं नाही. भावजी म्हणाले, "हं."

ती जमिनीवर ठेवून बघावी, असं त्यांच्या मनातही आलं नाही. आता याबद्दल त्यांना हसणं सोपं आहे. पण शिलाई मशीन जागेवर असतं आणि कापड सरकतं. मशीनच उठून चालायला लागलंय आणि कापड बघत बसलंय, असा प्रसंग त्यांच्यावर चाळीस वर्षांत आलेला नव्हता.

भाची आली. बाईसाहेब आता पावणेतीन वर्षांच्या होत्या आणि आजोबांच्या बाबतीत त्यांचं मत कायम होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी ताईच्या हातून देण्यात आली. भावजी दुकानाच्या दारात, उंबऱ्याच्या पलीकडे उभे राहिले.

बाईसाहेबांनी शेळी बघितली. दोरी घेतली. आणि चालू लागल्या.

काय सांगू, अशी शेळी मी पाहिली नाही. जबडा डावीकडून उजवीकडे, दाढी त्याच्या मागून, कान एकाआड एक, शेपटी मध्येच. जणू घरातल्या सगळ्यांबद्दल तिचं काही एक मत होतं आणि ते ती चावून चावून गिळत होती. भाचीने तोंडावर हात ठेवला. ताई चहा ओतायची थांबली. खिडकीत टेलर होता, तो असतोच. बाहेरच्या खोलीतून बोळात, बोळातून स्वयंपाकघरात, तिथून परत, अशी ती मिरवणूक निघाली आणि आम्ही सगळे तिच्या मागे.

बाईसाहेब पुढे. नाकासमोर बघत. दोरी ओढणारा माणूस पुढे बघतो आणि ओढलेली वस्तू मागे असते, हे तोपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला शेळी अडली आणि दोरीची गाठ सुटली. बाईसाहेब थांबल्या नाहीत. नुसती दोरी घेऊन त्यांनी घराला आणखी दोन फेऱ्या मारल्या, तितक्याच गंभीरपणे. मग दोरी टाकून दिली आणि पातेल्याचं झाकण घेऊन बसल्या.

टेलर खिडकीतून म्हणाला, "शेळी एक नंबर. फक्त जिच्यासाठी केली ती सोडून सगळ्यांना दिसते."

"गाठ नीट बसली नव्हती," भावजी म्हणाले आणि शेळी उचलून दुकानात गेले.

गाठ पक्की झाली. काही फरक पडला नाही. मग दोरीऐवजी काठी लावली, म्हणजे शेळी पुढे ढकलता येईल. शेळी दोनदा तोंडावर पडली आणि काठी बाईसाहेबांनी दुसऱ्या कामाला वापरली. माझ्या नडगीला अजून आठवण आहे. भाचीने लेकीला उलटं चालायला शिकवून पाहिलं. तीन पावलांत त्या मागे आपटल्या, आणि हेही आजोबांच्याच खात्यावर जमा झालं. पंधरातले सहा दिवस संपले.

त्या दुपारी ताई धुतलेले कपडे घड्या घालत होती. म्हणाली, "अहो, मागे काही येतंय हे पोरीला कळायला नको का? आवाज करा की काहीतरी."

"कसला आवाज?"

"कसला म्हणजे? खटखट."

भर चौकात नाचून दाखवा म्हणाली असती तरी भावजींनी इतका वेळ तिच्याकडे बघितलं नसतं.

"मी खटखट करणारं यंत्र बनवू?"

"नका बनवू. बसा बिनआवाजाची शेळी घेऊन. पोरगी जाईल परत, मग तुम्ही न् शेळी चावत बसा दोघं."

टेलरने घंटा सुचवली. भावजींनी ती जागच्या जागी नाकारली. घंटा म्हणजे वरून लावलेली लबाडी. आवाज करायचाच तर तो यंत्राच्या पोटातून आला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं आणि तेलाची कुपी माझ्या हातात दिली.

"ही तुझ्याकडे ठेव. मागितली तरी देऊ नकोस."

ते मागच्या चाकाच्या दांड्यावर दातेरी चकती बसवायला लागले. तिच्या दातांवरून एक लाकडी पट्टी घसरत जाणार होती. पहिला आवाज आला तो 'टुक्' असा, आणि भावजींचा हात आपोआप माझ्याकडे वळला.

"कुपी."

"देणार नाही."

"एकच थेंब."

"तुम्हीच सांगितलंय."

दुपारपर्यंत त्यांनी ती चार वेळा मागितली. चौथ्यांदा आवाज चढवला. मी कुपी खिशात घालून वर हात ठेवून बसलो. त्या खिशाचा डाग अजून गेलेला नाही. त्यांनी नमद्याच्या चकत्या एकेक करून काढल्या, तेव्हा तर माझ्याने बघवेना. शेवटी पट्टी पुरेशी जाड झाली, दात पुरेसे खोल झाले आणि चाक फिरवल्यावर शेळी स्वच्छ बोलली: टक् टक् टक् टक्.

रस्त्याने जाणारा एक माणूस थांबला. "काका, तुमचं मशीन बिघडलंय वाटतं."

त्या दिवशी भावजी जेवायला उशिरा आले.

दुसरी चाचणी बाहेरच्या खोलीत झाली. बाईसाहेबांनी दोरी ओढली. टक् टक्. त्या थांबल्या. टक् टक् थांबलं. त्यांनी मागे वळून पाहिलं.

हे शेळीला मिळालेलं पहिलं अधिकृत लक्ष. पण बाईसाहेब थांबल्या म्हणजे शेळीही थांबली. जबडा मिटलेला, कान पडलेले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाईसाहेब पुढे वळल्या, ओढलं, टक् टक्. झटकन मागे पाहिलं. शेळी गप्प. असं सहा वेळा झालं.

"अगं, ती चावते!" भाची म्हणाली.

"कान पण हलवते," मी म्हणालो.

बाईसाहेबांनी आम्हा एकेकाकडे पाहिलं. धादांत खोटं बोलणाऱ्या माणसांकडे बघावं तसं.

मग त्यांनी दोरी आईच्या हातात दिली आणि स्वतः शेळीच्या शेजारी उकिडव्या बसल्या. भाची तीन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "दिसलं का गं सोन्या?" शेळी थांबली. दोरी ताईकडे गेली. ताईने दोनच पावलांत मागे पाहिलं, "आहे का माझी बाय मागे?" शेळी थांबली. मी तर पहिल्याच पावलाला वळलो. काय करणार, बघावंसं वाटतं.

बाईसाहेबांनी माझ्या हातून दोरी हिसकावून घेतली. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. उरलेलं माणूस एकच होतं, आणि ते दुकानाच्या दारात उभं होतं. त्या दारापासून चार पावलांवर जाऊन थांबल्या. हात जेवढा लांब होईल तेवढा लांब केला. दोरीचं टोक पुढे धरलं.

"तू ओढ."

भावजींनी खाली वाकून दोरी घेतली, अगदी टोकाला, तिच्या बोटांना बोट लागणार नाही अशी.

"मागे बघायचं नाही," बाईसाहेब म्हणाल्या.

भावजी पाठ करून चालायला लागले. सारख्या वेगाने, मिनिटाला बासष्ट. टक् टक् टक् टक्. बोळातून जाताना मी त्यांच्या बाजूने चालत होतो. ओठ न हलवता ते म्हणाले, "बघतेय का?"

"बघतेय."

"काय?"

"जबडा."

दोन पावलं गेली. "कुठे आहे?"

"तुमच्या मागे. तीन हातांवर."

स्वयंपाकघरातून वळून परत बोळात आलो तेव्हा दोन हात झाले होते. चौथ्या फेरीला बाईसाहेब इतक्या वाकल्या की त्यांचा तोल जायला लागला, आणि आधाराला जे सगळ्यांत जवळ होतं ते त्यांनी धरलं. ती भावजींची पँट होती, गुडघ्याच्या मागची. भावजींचं पाऊल किंचित लहान झालं. शेळी मिनिटाला चाळिसाने चावायला लागली. मान मात्र वळली नाही.

"अरे," ते मला म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

पँट सुटू नये म्हणून ते स्वयंपाकघराकडे न वळता सरळ गेले आणि बोळ संपला. समोर भिंत. परत फिरायचं तर मागे तोंड करावं लागणार, आणि ते मना होतं. भावजी भिंतीसमोर उभे राहिले. शेळी गप्प झाली.

"थांबू नको!" मागून हुकूम आला.

भिंतीला लागून मागचं दार होतं. भावजींनी कडी काढली आणि बाहेर पडले. घराला वळसा घालून ते रस्त्यावर आले, पुढे भावजी, मागे शेळी, आणि पँट धरून शेळीवर वाकलेल्या बाईसाहेब. दुकानासमोर तीन बायका मशीनं घेऊन उभ्या होत्या. टेलर गळ्यात टेप घालून बाहेर आला आणि शेळीला वाट देऊन बाजूला उभा राहिला.

"काका," एक बाई म्हणाली, "दुकान उघडं आहे ना?"

"दिसत नाही का, ओढतोय," भावजी म्हणाले आणि तिच्यासमोरून टकटकत पुढच्या वळणाकडे निघून गेले.