अब्बांचा पान्हा

भाऊ ट्रॉलीखाली मेला. ढाणकीत आमचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. कापसानं भरलेली ट्रॉली जॅकवर उचललेली, जॅक घसरला आणि भावाची छाती चेपली. दुकानात तेव्हा तो आणि अब्बा, दोघंच.

इतकं सरळ होतं. पण ती वर्षंच शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची होती, आमच्या जिल्ह्यात तरणा माणूस मेला की लोकांना दुसरं कारण पटायचंच नाही. आमच्याकडे वावराचा तुकडा नाही, तरी मातीला आलेली माणसं हळूच विचारायची, "काहून केलं त्यानं असं?" जॅक त्यानंच सोडला म्हणे.

शेजारणीनं हेच अम्मीच्या कानात घातलं, तेव्हा मी तिच्या झिंज्या धरून तिला ओट्यावरून खाली ओढलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. अम्मीला ते खरं वाटायला लागलं होतं. आमच्यात आत्महत्या हराम. "माह्या लेकरानं मले काहून नाही सांगतलं" म्हणत ती भिंतीवर डोकं आपटायची, कपाळ फुटेपर्यंत.

अब्बा दिवसभर दुकानात बसून तो जॅक घणानं ठोकत राहायचे. त्याचं भंगार झालं तरी ठोकायचे.

बाजाराच्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक आलं. भला माणूस. म्हणाला, "जाऊ द्या मिस्त्री. ज्यानं ठरवलंच होतं, त्याले कोण अडवणार? तुमचा काय दोष?"

अब्बांनी पान्हा उचलून त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, दात तुटला. चौघांनी धरलं तरी अब्बा आवरेनात.

"जॅक मी लावला होता," ते ओरडत होते. "तो म्हणे, अब्बा, लाकडाचा ठोकळा लावू खाली. मीच म्हटलं, कायले पाह्यजे, घुस लवकर. मी मारलं त्याले. समजलं? मी."

आमचं घर दुकानामागंच. आरडाओरडा ऐकून अम्मी बाहेर आली होती, तिनं सगळं ऐकलं. ती सरळ चालत आली, अब्बांच्या हातातला पान्हा घेतला आणि खांद्यावर, पाठीवर, मिळेल तिथं त्यांना मारत सुटली. अब्बांनी हात वर केला नाही. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"सोड तिले," अब्बा म्हणाले. "इतके दिवस सोतालेच मारून राह्यली होती."

मी सोडलं.