साक्षीदाराची जागा

मोठ्या सिस्टर म्हणजे खमकं प्रकरण. चौतीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढली, आणि काम कसं, तर एक घाव दोन तुकडे. रडणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण त्यांच्या पट्टीखाली जखम चिघळली असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. डॉक्टरसुद्धा राउंडला येताना शर्ट नीट खोचून यायचे.

आणि आता बोला, याच बाईच्या टाचेला दीड वर्ष जखम, आणि पाय कापायच्या ऑपरेशनचं नाव काढलेलं चालत नाही. साखर जुनी, जखम हाडापर्यंत गेलेली. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत, पाय स्टुलावर, आणि रोज सकाळी कामावर जाण्याआधी लेकीने येऊन पट्टी बदलायची. लेक नाकाला रुमाल बांधत नसे, कारण बांधला की आई म्हणायची, सोसत नसेल तर येऊ नकोस. वर पट्टी घट्ट झाली, सैल झाली, हे चालूच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते काही खोटं नाही.

लेकीने हातापाया पडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी डॉक्टरांना घरी बोलावलं आणि दाराबाहेरच हळू आवाजात सांगितलं, आईचं डोकं ठिकाणावर नाही, बरळते ती. डॉक्टर तरुण, पण चोख. त्यांनी वार विचारला, गोळ्या विचारल्या, ऑपरेशन केलं नाही तर काय होईल तेही विचारलं. आईने धडाधड सांगितलं: विष रक्तात भिनेल, ताप चढेल, शुद्ध जाईल, पुढे फार तर आठवडा. डॉक्टर म्हणाले, त्या पूर्ण भानावर आहेत, नको म्हणतात तर जबरदस्ती करता येणार नाही. जखम स्वच्छ ठेवा, दुखण्यावर औषध देतो.

लेकीने मनात ठरवलं, जाऊ दे शुद्ध. मग उचलून नेते.

दुसऱ्या दिवशी तिने जुनी पट्टी सोडली आणि आईने पाय मागे घेऊन मांडीवरचा कागद पुढे केला. शुद्ध हरपल्यावरही मला दवाखान्यात नेऊ नये, असं वळणदार अक्षरात लिहिलेलं. खाली साक्षीदाराची जागा मोकळी.

"दार पातळ आहे आपलं," आई म्हणाली. "आणि 'बरळतो' हा माझा शब्द. तुझ्या बापाच्या वेळी मीच वापरला होता."

बाबांचा पाय कापला तेव्हा लेक एकोणीस वर्षांची होती. बाबा चांगले शुद्धीत नको म्हणत होते. आईने ते भ्रमात आहेत असं लिहून दिलं, आणि खाली साक्षीदार म्हणून लेकीची सही घेतली. बाबा पुढे सहा वर्षं जगले. आईशी एक शब्द बोलले नाहीत. लेकीशी बोलायचे: पाणी दे, दिवा घालव. एवढंच.

"मी नाही करणार सही."

"मग पट्टीही नको."

उघड्या टाचेवर माशी येऊन बसली. आईने ती हाकलली नाही, लेकीकडे बघत राहिली. लेकीला तिचा संताप आला, तिच्याहून जास्त स्वतःचा. दुसरी माशी आली तेव्हा तिने पेन उचललं आणि सही केली.

आईने कागद डोळ्यांजवळ धरला.

"बापाच्या वेळी हात नव्हता थरथरला तुझा," ती म्हणाली. "बांध आता. वर घट्ट नको."