थोरलीच्या दारचा चाफा

माझ्या जावेच्या बाथरूममागं पांढऱ्या चाफ्याचं एक झाड आहे. त्याच्यावर जळले तेवढी मी आयुष्यात कुणावर जळले नाही. सवतीवरसुद्धा बाई एवढी जळत नसेल.

आमची दोन घरं पाटसच्या अलीकडं, भिंतीला भिंत लागून. एकात आम्ही, दुसऱ्यात धाकटा दीर आणि जाऊ. सासूबाई मधल्या ओट्यावर, जेवायला आज इकडं तर उद्या तिकडं. त्यांचं माहेर न्हावऱ्याचं. तिथल्या विहारापुढच्या चाफ्याची ही लांब फांदी त्यांनी चौफुल्याला यष्टी बदलत, कंडक्टरशी हुज्जत घालत आणली. कोयत्यानं तिचे दोन तुकडे केले, पांढरा चीक सुकेपर्यंत सावलीला ठेवले, आणि मग वाटणी केली. जाड बुडखा मला, बारीक शेंडा धाकटीला. थोरली म्हणून बुडखा माझा, याचा मला केवढा ताठा चढला म्हणून सांगू!

वैशाखी पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून विहारात जातात. सगळ्यांच्या पुढं एकीच्या हातात फुलांचं ताट असतं. आमच्या लग्नाआधीपासून ते ताट सासूबाईंचं. त्यांच्यामागून मीच, असं मी धरूनच चालले होते. पण गुडघे बोलायला लागले, डोळेही अधू झाले, तशी त्यांनी त्या वाटणीच्या दिवशीच सांगून टाकलं, "जिच्या दारचा चाफा फुलंल तिनं ताट धरायचं. इकतची फुलं चालायची न्हाईत." म्हणजे थोरली-धाकटी काही नाहीच! मी मनात म्हटलं, असू दे, बुडखा माझ्याकडं आहे.

मग मी झाडाचं जे केलं ते आमच्या भागातला कुणीही करेल. नळाशेजारची काळीभोर जागा निवडली. आमचे हे कारखान्यावर कामाला. उसाचा रस गाळून उरते ती मळी त्यांना पोत्यानं आणायला लावली आणि बुंध्यात ओतली. वर युरिया. उसाला द्यावं तसं पाणी, थंडीत पानं गळून नुसते दांडके उरले तरी पाणी. आमच्याकडं वाढवायचं म्हणजे एवढंच माहीत. आणि झाड वाढलं की! हातभर लांब पानं आली. वाटेवरची माणसं थांबून विचारायची, "वहिनी, काय घालता ओ?" फूल मात्र एक नाही.

धाकटीनं तिचा शेंडा बाथरूममागच्या मुरमात खुपसला आणि विसरून गेली. दुसऱ्याच उन्हाळ्यात त्या मेल्याच्या उघड्या फांद्यांवर फुलांचे घोस. ती रोज सकाळी मोबाईलवर फोटो स्टेटसला ठेवायची. कुणी बघितलं ते तिला कळतं हे माहीत असून सगळ्यांच्या आधी मीच ते उघडायचे.

ताट तिच्याकडं गेलं. पुढची सगळी वर्षं पौर्णिमेला ती पुढं, मी मागं. तिची पाठ बघत चालायचं, तोंडानं वंदना म्हणायची आणि पोटात नुसती आग. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "तुजी फुलं बारीकच हायत गं." ती म्हणाली, "व्हय आक्का, तुमच्या पानांची सर न्हाई त्येस्नी." टोमणा मारते काय मला! दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

गेल्या दिवाळीनंतर पुन्हा पानं गळाली आणि माझं डोकं फिरलं. "मर जा मेल्या!" म्हटलं, पाण्याचा पाईप गुंडाळून ठेवला, मळीचं नवं पोतं कुंपणाला तसंच टेकवून दिलं. धाकटीनं ते बघितलं.

"आक्का, टाकून देताय व्हय? मी न्हेऊ? तुमच्यावानी पानं माज्या झाडाला कवा येत्यात, बघून बघून डोळं दुखलं माजं."

अगं बाई गं! म्हणजे ही इतकी वर्षं माझ्या पानांवर जळत होती? मला इतकं गार वाटलं की ते पोतं मीच उचलून तिच्या झाडापाशी नेऊन टाकलं.

चैत्रात माझ्या उपाशी, तहानलेल्या झाडाच्या टोकाटोकाला कळ्या आल्या. पलीकडं धाकटीचं झाड पानांनी डवरलेलं आणि फुलाचा पत्ता नाही. उसासारखं खायला घातलं की चाफा नुसती पानं काढत बसतो, हे तेव्हा कुठं आम्हा दोघींना उमगलं. ती बिचारी हसली. मी हसले नाही, मला पौर्णिमेची घाई झाली होती.

पौर्णिमेला ताट माझ्या हातात होतं. नवी साडी, ताठ मान, मी पुढं आणि ती मागं. विहाराच्या पायरीशी सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना आता माणूस नुसता सावलीसारखा दिसतो. त्यांनी ताटावर हात फिरवला, एक फूल उचलून नाकाशी नेलं आणि साऱ्या बायांसमोर म्हणाल्या, "यंदा बी धाकटीनंच लाज राखली बगा. लई ब्येस फुलं."

आता भर विहारात 'माझी हायत' म्हणून भांडायचं? मी मान वळवून धाकटीकडं बघितलं. तिनं फक्त गप्प बसायचं होतं. मी असते तर बसले असते, अगदी निवांत.

ती पुढं आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "न्हाई ओ आत्या, ही आक्कांची फुलं हायत. माज्या झाडाला यंदा नुसती पानं."

"आसं व्हय," म्हणून सासूबाईंनी फूल ताटात ठेवलं. मी ताट मूर्तीपुढं नेलं, गुडघे टेकले, हात जोडले. फुलं माझी होती, ताट माझं होतं, आणि साऱ्या वस्तीनं ते ऐकलंही होतं. तरी मी तिथं बसून तिच्यावर जळतच होते. ते वाक्य तिला सहज आलं. मला नसतं आलं.