मात्सुए-सानच्या अंगणातल्या गाड्या

वाडीच्या समितीने उसामी मात्सुए यांच्याबद्दल थोडं लिहून द्यायला मला सांगितलं, ते मी त्यांचा शेजारी म्हणून. आमच्या दोन घरांमध्ये एक अरुंद रस्ता आणि त्याच्या कडेने वाहणारा उघडा पाट, एवढंच अंतर होतं. पण शेजारी असणं म्हणजे माणूस ठाऊक असणं नव्हे. त्यांचं माहेर आमच्या सादो बेटाच्या कोणत्या किनाऱ्यावरचं, हेसुद्धा मला त्या गेल्यावर कळलं. मी बर्फाच्या कारखान्यात काम केलेला माणूस. लिहिण्याची सवय नाही. जे समोर घडलं तेवढंच सांगतो, आणि त्यातही चूक असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मात्सुए-सान घरातूनच जुन्या गाड्या विकत. छोट्या इंजिनाच्या म्हणून पिवळ्या नंबरपट्टीच्या, आमच्या रस्त्यांना मानवणाऱ्या गाड्या. हा धंदा आधी त्यांच्या नवऱ्याचा, तोकुजींचा. ते अचानक गेले तेव्हा अंगणात गाड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. सगळ्यांना वाटलं, आता बाई त्या भंगारात देतील. पण जुना माल विकण्याचा परवाना आमच्याकडे पोलीस देतात, आणि तो माणसाच्या नावाचा असतो. नवरा गेला की बायकोला आपोआप मिळत नाही. मात्सुए-सान तोकुजींचा परवाना परत करायला बंदरावरच्या पोलीस ठाण्यात गेल्या आणि तिथेच स्वतःच्या नावाने अर्ज करून आल्या.

"या वयात कशाला ही उस्तवार?" असं त्यांना तिथल्या माणसाने विचारलं म्हणे.

"गाड्या उभ्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्या काही आपण होऊन जाणार नाहीत."

काही आठवड्यांनी त्यांच्या दारावर निळी पाटी लागली. तिच्यावर परवान्याचा आकडा आणि त्यांचं नाव. पाटी बाहेरून दिसेल अशीच लावायची, असा नियम आहे. त्या रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसत. समुद्राचा वारा लोखंड सोडत नाही, तसा पाटीलाही सोडत नसे.

नियमाच्या बाबतीत त्या कुणालाच सूट देत नसत. कारखाना बंद पडल्यावर मी माझी छोटी मालवाहू गाडी त्यांना विकायला नेली. त्यांनी चष्मा लावला आणि हात पुढे केला.

"ओळखपत्र?"

"अहो, मी समोर राहतो."

"ते मला माहीत आहे. पोलिसांना कसं कळणार? विकणारा कोण, हे कागद बघून लिहायचं असतं."

"तोकुजींच्या लग्नात मी पाहुण्यांना मासा वाढला होता."

"वाढला असाल. लायसन्स दाखवा."

मी घरी जाऊन लायसन्स घेऊन आलो. त्यांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "फोटोतला माणूस जरा हसरा आहे. पण चालेल."

मार्च महिन्यात त्यांना जेवायला फुरसत नसे. गाडीचा वर्षाचा कर एक एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर असेल त्याला भरावा लागतो, पुऱ्या वर्षाचा. दोन तारखेला गाडी विकली तरी कर जुन्या मालकाचाच. कुणी म्हातारा वृद्धाश्रमात गेला, कुणाची मुलं गाव सोडून मोठ्या बेटावर गेली, की त्या घरी मात्सुए-सान मार्चमध्ये जात. "गाडी ठेवायची असली तर ठेवा. काढायची असली तर या महिन्यात सांगा," एवढंच बोलत. मग कागद गोळा करून पहिल्या बसने बंदरावरच्या कचेरीत. पुष्कळदा गाडीला गिऱ्हाईक नसताना त्या ती स्वतःच्या नावावर करून घेत आणि वर्षाचा कर आपण भरत. यात त्यांना काय उरत असेल, मला माहीत नाही. फेब्रुवारीत स्वतःच्या मिळकतीचा हिशेब द्यायला नगरपालिकेत त्या सर्वांत आधी रांगेत असत, एवढं मी पाहिलं आहे.

त्यांच्या अंगणाबद्दल सांगितलं पाहिजे. विकायची गाडी रस्त्यावर उभी करायला बंदी, म्हणून सगळ्या गाड्या आत. एका बाजूला कोठार, दुसऱ्या बाजूला जर्दाळूचं झाड, आणि फाटकाबाहेर लगेच तो अरुंद रस्ता आणि उघडा पाट. आत गेलेली गाडी वळवता येत नसे. मागे मागेच काढावी लागे. मात्सुए-सान ती कधी स्वतः काढून देत नसत. गिऱ्हाइकाला बसवायच्या, आपण शेजारी बसायच्या आणि म्हणायच्या, "काढा." गाडी न घासता, न आपटता, पाटात न घालता बाहेर आली तर सौदा. नाही तर नाही. हे कुठल्याही कायद्यात नाही. त्यांना असं का वाटत होतं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

खालच्या आळीचे दोई-सान तिथेच अडकले. ऐंशीच्या पुढचे, आवाज मोठा. मागचं चाक पाटात गेलं. आम्ही चौघांनी गाडी उचलून काढली.

"हा पाट पूर्वी इथे नव्हता!" दोई-सान ओरडले.

"तुमच्या आजोबांच्या आधीपासून आहे," मात्सुए-सान म्हणाल्या.

"मला पुढे जायचं असतं, मागे नाही! मागे कोण जातं?"

"पुढे गेलेला प्रत्येक जण कुठे ना कुठे मागे येतोच. गाडी मिळणार नाही, दोई-सान."

"बाई, तू गाड्या विकतेस की परीक्षा घेतेस?"

"आज तरी विकली नाही."

लोक हसले. पण हळूहळू हेच होत गेलं. वाडीत राहिलेले सगळे आमच्यासारखे. तरुण नाहीत. जे येत त्यांतले निम्मे पाटाजवळ थांबत, आणि मात्सुए-सान त्यांना चहा पाजून पायी घरी पाठवत. काहींनी त्यानंतर आपलं लायसन्सच पोलिसांना परत केलं. पोलीस चौकीचे आराई-सान एकदा मला म्हणाले की, आमच्या भाषणांनी जे होत नाही ते या बाईंच्या फाटकात होतं. पण भाषणाने पोट भरत नाही, तसंच न विकलेल्या गाडीनेही नाही.

मग ते वर्ष आलं. ऑगस्टअखेर उन्हाळा संपला तेव्हा अंगणात एकच गाडी होती, पांढरी. आराई-सान सायकलवरून आले. मी पाटातला गाळ काढत होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"मात्सुए-सान, शेवटचा व्यवहार कधीचा?"

"एप्रिलच्या आधीचा."

"सहा महिने काहीच घेतलं-विकलं नाही, तर परवाना काढून घेतला जाऊ शकतो. माझ्या हातात नाही ते. ठाण्यातून विचारणा झाली आहे."

"कायदा मला माहीत आहे."

"ऑक्टोबर लागायच्या आत काहीतरी करा. तुमची पाटी उतरलेली मला बघवणार नाही."

 त्यांनी आराई-सानना तांदळाची बिस्किटं बांधून दिली.

ही गोष्ट वाडीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी दोई-सान काठी टेकत हजर. मनात राग धरणारा माणूस नव्हे तो.

"माझ्या कोठारात एक मेलेली गाडी आहे. कागदावर विकत घे. पैसे देऊ नकोस. तुझी पाटी राहील, माझं कोठार रिकामं होईल."

"चालते का ती?"

"कोंबड्या बसतात तिच्यात."

"मग तो खुराडा झाला. खुराड्याला परवाना लागत नाही."

"अगं, कागदावरच ना! कोण बघतंय?"

"लिहिणार मी. मी बघतेय."

दोई-सान माझ्याकडे वळले. "इशिझुका, तू तरी सांग हिला!"

आदल्या दिवशीचं गाळ काढायचं काम अजून चालूच होतं. मी फावडं धुऊन घेतलं.

पण मला त्या रात्री झोप आली नाही, हे खरं. तोकुजी गेल्यानंतर त्या बाईंना मी ज्या ज्या वेळी कुणाशी दोन शब्दांहून जास्त बोलताना पाहिलं, त्या वेळी मध्ये एखादी गाडी होती. बाकी त्या कुणाकडे जात नसत आणि कुणी त्यांच्याकडे येत नसे. मुलगी मोठ्या बेटावर, नागाओकात. ती कधीपासून म्हणत होती की आई, घर बंद कर आणि इकडे ये. परवाना गेला तर त्यांना नाही म्हणायला कारण राहणार नव्हतं.

सप्टेंबर संपत आला तेव्हा मी धुतलेला सदरा घालून रस्ता ओलांडला.

"गाडी घ्यायची होती," मी म्हणालो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमची तर मीच विकत घेतली होती."

"आता पुन्हा वाटतंय."

"लायसन्स?"

मी ते या वेळी खिशात घालूनच गेलो होतो. त्यांनी नीट वाचलं, मुदत तपासली आणि किल्ली दिली. शेजारी बसून पट्टा लावला.

"काढा."

बऱ्याच दिवसांत गाडी चालवली नव्हती. तरी कारखान्यात मी वर्षानुवर्षं बर्फाच्या लाद्यांची गाडी धक्क्यावर मागे घेतली होती, ते अंगात कुठेतरी उरलेलं असावं. कोठार गेलं, झाड गेलं, फाटक गेलं. चाक पाटाच्या काठावरून वळलं आणि गाडी रस्त्यावर सरळ उभी राहिली. मला वाटलं, झालं.

मात्सुए-सान समोर बघत बसल्या होत्या. "छान काढलीत," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जाणार कुठे तुम्ही?"

"म्हणजे?"

"गाडी घेऊन. कुठे जाणार?"

मी विचार केला. दवाखान्याची गाडी दारात येते. किराणा सोसायटीचा ट्रक आणतो. बायकोची समाधी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बंदर म्हणावं तर बंदरावर माझं कोण आहे? काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. गरम पाण्याच्या झऱ्यावर जातो म्हणालो असतो तरी चाललं असतं. मला खोटं सुचलं नाही, आणि तुमचा परवाना राहावा म्हणून आलोय, हे खरं जिभेवर आलं नाही.

"कुठे नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यात राग नव्हता. "मग उभी राहून गंजेल ती. खालून. खाऱ्या वाऱ्यात उभी गाडी दोन हिवाळे टिकत नाही. आणि कर भरत बसाल." पट्टा सोडून त्या उतरल्या, खिडकीशी आल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उपकार झाले, इशिझुका-सान. पण अशी नाही विकायची मला."

त्या दिवशी गाडी आत त्यांनी नेली, मी नाही.

कुणी काढून घ्यायच्या आधीच त्यांनी परवाना स्वतः नेऊन दिला. जाताना निळी पाटी उतरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत नेली. आराई-सान म्हणाले, पाटी घरी ठेवली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. पांढरी गाडी त्यांनी मोडीत काढणाऱ्याला दिली. आता ती विकण्याचा हक्क आपल्याला नाही, असं त्यांचं म्हणणं. अंगण इतकं मोठं होतं हे मला तेव्हा प्रथमच दिसलं.

त्या हिवाळ्यात त्या फारशा बाहेर दिसल्या नाहीत. फेब्रुवारीत मुलगी येऊन दोन दिवस राहिली. मार्च लागला आणि सवयीने एकदोघे फाटकाशी येऊन विचारून गेले, गाडीच्या कागदांवरची नावं बदलायची आहेत, काय करायचं? मात्सुए-सान त्यांना कागद सांगत, कचेरीची वेळ सांगत आणि म्हणत, "जाऊन तुम्हीच करा. मला आता करता येत नाही." एप्रिलमध्ये त्यांचं नागाओकाला जायचं ठरलं. नंतरच्या वर्षी, जूनमध्ये, त्या तिथेच वारल्या. मुलीने फोनवर सांगितलं, त्रास झाला नाही.

नागाओकाला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या पाटाच्या पलीकडे उभ्या होत्या. हातात रिकाम्या बाटल्यांची टोपली.

"इशिझुका-सान, काचेचा कचरा उचलायचा दिवस उद्या आहे ना?"

"परवा."

"परवा मी नसेन. या तुमच्याबरोबर बाहेर ठेवाल का?"

"ठेवतो."

"नियमाप्रमाणे झाकणं काढली आहेत."

"बरं," मी म्हणालो.