उठण्याआधी सांगणारा रावजी

रावजी गेल्याचं मला मोखाड्याच्या बाजारात कळलं, तेही भाजीवालीकडून. "पोशेऱ्याचं दादा गेलं ना तुमचं," ती म्हणाली आणि वांगी तोलायला लागली. खरं सांगतो, मला आधी दुःख झालं नाही, राग आला. चहाच्या दुकानातल्या बाकावरून उठतानाही जो जन्मभर शेजारच्याला "उठतो हां, धरा" असं बजावत आला, त्याने असं न सांगता उठून जावं म्हणजे काय... महिना होऊन गेला तरी तो राग उतरलेला नाही. दुःख त्याच्या मागून आलं आणि ठाण मांडून बसलं आहे.

ही सवय त्याला कशी लागली ते सांगितल्याशिवाय रावजी कळायचा नाही. जव्हार संस्थान विलीन झालं त्या सुमारास मी मोखाड्यात एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिणारा मेहेताजी होतो. राजाचं राज्य जाऊन मुंबई सरकारचं आलं, पण वखारीत आमच्या शेठचं राज्य होतं तसंच राहिलं. जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेले तुकडे, शेठने लिलावात घ्यायचे, पाड्यांवरच्या माणसांनी झाडं तोडायची, आणि तोडीचा भाव शेठने सांगायचा तो झाडं आडवी झाल्यावर. आडवं झालेलं झाड पुन्हा उभं करता येत नाही, हे शेठना पक्कं ठाऊक होतं. रावजीलाही ठाऊक होतं, म्हणून त्याने युनियन काढली. ठाण्याकडे कामाला गेला असताना तो शब्द त्याने ऐकला होता आणि नागलीच्या बियाण्यासारखा जपून घरी आणला होता. मागणी एकच होती, भाव आधी आणि कुऱ्हाड मग. लोकांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या खऱ्या, पण घरातली नागली संपत आली होती. मागणी फसली असती तर पाडेच्या पाडे पोराबाळांसकट ठाण्याची वाट धरणार होते, आणि हे सगळे रावजीच्या एका शब्दावर बसले होते. त्या दिवसांत तो जेवत नसे, असं त्याची बायको, काशीवहिनी, सांगतात. मला तो तेव्हाही चांगला धट्टाकट्टाच दिसायचा.

शेठ बोलणी करायला तयार होते. बोलणी म्हणजे शेठ गादीवर, शेजारी मी, आणि माणसं अंगणात उकिडवी. रावजीने ते बघितलं आणि मला म्हणाला, "मेतेजी, खालून वर बोललं का मान दुखते. आमी आमचं बसाय घेऊन येतो." पुढच्या खेपेला त्याच्या गावाहून, पोशेऱ्याहून, चार माणसांच्या खांद्यावरून एक बाकडं आलं. सुताराचा हात न लागलेलं, कुऱ्हाडीनेच तासलेलं. फळी लांबलचक, पण पाय टोकांना न ठोकता पार मधे ठोकलेले. वाटेत दमले की ते रस्त्यात बाकडं टेकवायचे आणि ऐटीत त्यावर बसून घ्यायचे.

शेठने लगेच जंगल खात्याच्या गार्डाच्या कानात सांगितलं की, ही फळी सागाची आहे आणि बिनपरवान्याची आहे. गार्ड आला, बाकड्याभोवती फिरला. रावजी म्हणाला, "सायेब, घरामांगं पडलेलं झाड व्हतं. तुमचा काय तो हातोडा मारा." दंड भरून घेऊन गार्डाने फळीवर सरकारी हातोड्याचा शिक्का उमटवला. झालं, तेव्हापासून शेठ म्हणायचे, "तुमच्या युनियनला सरकारी मान्यता कुठे आहे?" आणि रावजी उठून त्या शिक्क्यावर बोट ठेवायचा.

इकडे कूप बंद पडले, कोळशाच्या भट्ट्या थंड झाल्या. कुऱ्हाड अडली की शेठचं अडतं आणि शेठचा लिलावाचा हप्ता अडला की सरकारचं अडतं, हे रावजीला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. शेवटी जव्हारहून मामलेदार आले. ते पाटलोणवाले. गादीवर मांडी घालणं त्यांना जमेना, म्हणून ते सरळ बाकड्याच्या एका टोकाला बसले. सरकार बाकड्यावर असताना शेठने गादीवर लोळणं बरं दिसेना, तेव्हा तेही मामलेदारांना खेटून बसले. मामलेदार टेकताटेकताच दुसऱ्या टोकाला रावजी आणि युनियनचे दोघेही टेकले होते. शेठ चांगले आडव्या अंगाचे होते, पण तिघांच्या वजनाने बाकडं कसंबसं समतोल राहिलं.

"माल बघितल्याबिगर भाव कसा सांगू?" शेठ म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवा."

"मंग आमी चाललो," रावजी म्हणाला, आणि तिघेही एकदम उठले.

फळीचं रिकामं टोक आकाशाकडे गेलं. भरलेलं टोक खाली आलं. मामलेदार आणि शेठ, म्हणजे सरकार आणि धंदा, एकमेकांच्या अंगावर अंगणात पडले. हसायची हिंमत कुणाचीच झाली नाही. रावजी तर पांढराफटक पडला होता. त्याला खरंच कुणाला पाडायचं नव्हतं. धावत जाऊन तो मामलेदारांची टोपी झटकायला लागला. "चुकलो सायेब, सांगून उठाय पायजे व्हतं," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मामलेदारांनी धोतर सावरणाऱ्या शेठकडे बघितलं, बाकड्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "शेठ, भाव सांगून टाका. मला पुन्हा बसायचं आहे."

शेठने भाव सांगितला. कुऱ्हाड मग चालली, आणि कुणालाही ठाण्याला जावं लागलं नाही.

तेव्हापासून रावजी सांगून उठायचा. तो बिचारा काळजीने म्हणायचा, पण ऐकणाऱ्यांना घाम फुटायचा. पुढे निवडणुका आल्या, मतं मागायला पुढारी आले, बाकड्यावर बसले. बोलणं संपत आलं की रावजी म्हणायचा, "साहेब, उठू का आता?" आणि साहेब दोन्ही हातांनी फळी धरून आणखी एक आश्वासन द्यायचे. काही वर्षांनी सरकारने कूप मजुरांच्याच सोसायटीला दिले. शेठ वखार गुंडाळून गेले आणि मी बेकार झालो. रावजी घरी आला. "मेतेजी, लई दिस त्या टोकाला बसलात, आता इकडं सरका," म्हणाला आणि सोसायटीचं लिहिणं त्याने माझ्याकडे सोपवलं. माझी मुलं त्यावर शिकली. हे मी त्याला तोंडावर कधी बोललो नाही, कारण तो लगेच लाजून उठला असता आणि मी पडलो असतो.

परवा पोशेऱ्याला गेलो. बाकडं ओटीवरच आहे, शिक्का झिजून गुळगुळीत झाला आहे. मधोमध काशीवहिनी बसल्या होत्या; त्या एका टोकाला सरकल्या, तसा मी दुसऱ्या टोकाला बसलो. राग पोटात ठेवणं मला जमत नाही. म्हणालो, "वहिनी, रावजी न सांगता गेला हो."

"सांगलं ना," त्या म्हणाल्या. "सकाळचं हतंच मधी बसलेलं. मी अंगण झाडीत व्हते. मला म्हणलं, उठतो गं, धर. मी म्हणलं, उठा की, हतं कोण हाय पडाय? मंग बघलं, तर तसंच बसलेलं..."

उन्हं उतरली, मोटारीची वेळ झाली. निघायचं म्हणून मी गुडघ्यांवर हात टेकले, आणि माझ्याही नकळत तोंडातून निघून गेलं, "वहिनी, उठतो हां."

काशीवहिनींनी दोन्ही हातांनी फळीची कड घट्ट पकडली.

"धरलंय," त्या म्हणाल्या. "उठा."